ठसा मूळ, की छाप मूळ?

मंडळी, मागच्या वेळी एका पालकांनी विचारलं होतं, की संग्रहालयात मुलांना मुद्राचित्रण फुकट शिकवतात, पण त्यातून हाती काय लागतं? आज तिथूनच सुरू करू. अशी एक कार्यशाळा आम्ही दोन दिवस मागच्या बाकावर बसून पाहिली. तेरा ते सतरा वयाची मुलं, फी नाही, साहित्य तिथलंच.

आधी काम समजून घेऊ. प्रत्येकाला लिनोलियमचा तुकडा मिळतो. जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि पाठीमागे तागाचं कापड असलेली ही वस्तू एकोणिसाव्या शतकात जमिनीवर अंथरायला म्हणून निघाली. कलावंतांनी ती नंतर उचलली. तिच्यावर कोरायचं, रुळानं शाई फिरवायची, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. कोराल ते पांढरं राहतं, सोडाल ते उमटतं, आणि सगळं उलटं. एका मुलानं झोकात 'आई' कोरलं, कागद उचलला तर आई आरशातली! खोली हसली. त्यानं दुसऱ्या तुकड्यावर उलटं कोरून सुलट उमटवलं. पहिला मात्र टाकला नाही.

आता आमचा प्रश्न. मूळ चित्र कुठलं? ठशावरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि वाचता येतात त्या छापा दहा. प्लेटोनं चित्राला नकलेची नक्कल म्हटलं, पण त्याच्यासमोर मुद्राचित्र नव्हतं. इथे नक्कल कशाची? नेल्सन गुडमन यानं १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट'मध्ये नेमकं हेच तपासलं: कोरीव चित्राची कला दोन टप्प्यांची, आणि त्या मूळ ठशावरून निघालेली प्रत्येक छाप अस्सल. आपल्या नैयायिकांना यात नवल वाटलं नसतं. अनेक गायींत एकच गोत्व असतं, म्हणून कुठलीही गाय दुसरीची नक्कल होत नाही. (उपमा ताणू नका, छापेत हात लागतो.) राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून, १८९४ सालापासून, देवादिकांची चित्रं घरोघर गेली. त्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या आजीनं, हा देव कितवी प्रत, असं कधी विचारलं नाही.

पण संख्या लपवली की मात्र गडबड होते. दुसऱ्या दिवशी मुलांनी पिकासोनं वापरलेली एक पद्धत घेतली. ठसा एकच. पहिला रंग सगळ्या कागदांवर छापायचा, मग तोच ठसा आणखी कोरून त्यावर दुसरा, मग तिसरा. एकदा कोरलं की मागचा रंग पुन्हा छापता येत नाही, म्हणून कागद सुरुवातीलाच मोजून घ्यावे लागतात. एका मुलीनं १० घेतले. तिसऱ्या रंगाला चार कागद सरकले. उरले ६. खाली पेन्सिलीनं १/६, २/६ असं लिहायचं असतं, ती म्हणाली, "सर, मी दहा जणांना सांगितलंय." सरांनी एवढंच विचारलं, "मग सहा मिळालेल्यांना काय सांगशील?" बराच वेळ ती पेन्सिल हातात धरून बसली. त्या आकड्यावर पहारा कोणाचाच नसतो. ठशाकडे पाहून किती छापा निघाल्या ते कळत नाही. पाहणाऱ्याला करणाऱ्याचा शब्दच मानावा लागतो. वचन म्हणजे काय, हे आम्ही वर्गात तास तास शिकवलं. इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही.

आता फुकटाचं. दुसऱ्या दिवशी काही खुर्च्या रिकाम्या होत्या, हे खरं. पैसे भरले असते तर पालकांनी मुलांना ओढत आणलं असतं. पण घरून विकत आणलेल्या लिनोवर मूल भीत भीत कोरतं. इथे 'आई' उलटी आली तेव्हा दुसरा तुकडा मागायला तो मुलगा लाजला नाही. पालकांना आमचं उत्तर हे, की चुकायचा खर्च संग्रहालय उचलतं.

त्या मुलीनं १/६च लिहिलं. बिघडलेले चार कागद तिनं उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर नव्या ठशाची चाचणी छाप काढायला घेतली.