उजेड आत, पाणी बाहेर

उजेडासाठी भिंतीत उंचावर किंवा छपरात ठेवलेल्या जागेला आपण उर्दूत ‘रोशनदान’ म्हणतो. मराठीत तिला ‘झरोका’ म्हणतात. आपले शिरूर आणि दौंड हे तालुके कमी पावसाचे. ढग सह्याद्रीवर पाऊस पाडून इकडे येतात, तेव्हा त्यांच्यात फारसे पाणी उरलेले नसते. येथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून या कोरड्या भागात पूर्वी सपाट, मातीच्या छपराची म्हणजे धाब्याची घरे पुष्कळ होती. धाब्यात उजेडासाठी आणि चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी एक भोक ठेवत. त्याला ‘साणे’ म्हणत. पाऊस आला, की कोणीतरी धावत वर जाई आणि साण्यावर झाकण ठेवी. आता पत्र्याची आणि स्लॅबची घरे आली. पण उजेडाची गरज तशीच राहिली.

आमचे शिरूरचे घर पत्र्याचे आहे. त्याच्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती होत्या. साधारण २०१० च्या सुमाराची गोष्ट. माझी धाकटी बहीण तेव्हा दहावीत होती. त्या काळी दिवसातून अनेक तास वीज जात असे. भर दुपारी ती कंदील लावून अभ्यास करी. अम्मीला ते पाहवत नसे. शेवटी आम्ही एका कारागिराकडून पत्र्याला चौकोनी भोक पाडून घेतले. त्याने त्यावर फायबरचा पारदर्शक तुकडा ठेवला आणि चारही बाजूंना डांबर लावले. खोली उजळली. बहिणीने कंदील कोपऱ्यात ठेवून दिला.

जूनच्या सरी आल्या आणि गेल्या. एक थेंबही गळला नाही. पण सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस कोसळला आणि एका रात्रीत खोलीत पाणी झाले. बहिणीच्या वह्या भिजल्या, शाई पसरली. वर्षभराच्या मेहनतीचा तो लगदा पाहून ती रडू लागली. अम्मी म्हणाली, “बुजवून टाका ते भोक! अंधार परवडला.”

दौंडला आमचे मामू राहत. ते पत्र्याच्या शेडची कामे करत. आम्ही त्यांना बोलावून घेतले. पाऊस उघडल्यावर त्यांनी शिडी लावली आणि तुकड्याच्या वरच्या बाजूला तांब्याने पाणी ओतले. मी खाली उभा होतो. लगेच थेंब पडू लागले. मामू म्हणाले, “बेटा, भोक बुजवू नकोस. चूक भोकाची नाही, बसवण्याची आहे. पाण्याशी भांडू नये, त्याला वाट द्यावी.”

मामूंनी दाखवलेली चूक सोपी होती. छपरावरचे पाणी पत्र्याच्या खोलगट पन्हळीतून खाली वाहते. वाटेत त्याला तुकड्याची वरची कड आडवी येते. तेथे पाणी थबकते आणि कडेखाली शिरते. त्याला अडवायला फक्त डांबर असते. पण डांबर फार दिवस टिकत नाही. उन्हाने प्लॅस्टिकचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. ३ मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा ४० अंश तापला, तर सुमारे ८ मिलिमीटर लांबतो. तेवढाच लोखंडी पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर. रोजच्या या ओढाताणीने मधले डांबर फाटते.

मग मामूंनी तो तुकडा काढला आणि अख्खा पारदर्शक पत्रा बसवला. त्याच्या पन्हळी जुन्या पत्र्याच्या पन्हळींशी जुळणाऱ्या होत्या. त्याची वरची कड त्यांनी वरच्या पत्र्याखाली सरकवली आणि खालची कड खालच्या पत्र्यावर ठेवली. दोन्हीकडे किमान १५ सेंटिमीटर भाग एकमेकांवर येऊ दिला. कौले बसवतात तशीच ही रीत आहे. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून बाजूच्या जोडाची उघडी कड त्यांनी पूर्वेकडे ठेवली. बोल्टची भोके पन्हळीत न पाडता उंचवट्यावर पाडली, कारण पाणी पन्हळीतून वाहते. पारदर्शक पत्र्यातली भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवली, म्हणजे पत्र्याला लांबायला जागा मिळते. प्रत्येक बोल्टखाली रबरी वॉशर घातला.

झरोका निवडतानाही विचार करावा लागतो. खोलीच्या क्षेत्रफळाच्या साधारण विसाव्या भागाएवढा झरोका पुरतो. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलीला ५ चौरस फूट पुरे. त्याहून फार मोठा ठेवला, तर खोली भट्टीसारखी तापते. शिरूर-दौंड भागात मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. बाकी वर्षाचा बराच काळ तो दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून शक्य असेल तर झरोका उत्तरेकडच्या उतारावर ठेवावा. तेथे ऊन कमी लागते आणि उजेड सौम्य मिळतो. मुंबईतील जुन्या कापड गिरण्यांच्या विणकाम विभागांची छपरे करवतीच्या दातांसारखी असत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे असत, त्या याच कारणाने. कौलारू घराला काचेचे कौल सर्वांत सोपे. फायबरचा पत्रा स्वस्त असतो, पण काही वर्षांत पिवळा पडतो. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याच्या ज्या बाजूवर ऊन सोसणारा थर असतो, ती बाजू वर ठेवावी लागते.

स्लॅबच्या घरात भोकाभोवती किमान १५ सेंटिमीटर उंच कठडा बांधतात. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई देतात, म्हणजे तेथे पाणी साचत नाही. वरची काच तिरपी ठेवतात आणि तिची कड कठड्याबाहेर काढतात. काच अशी घ्यावी, की फुटली तरी तिचे तुकडे खाली पडणार नाहीत. तयार स्लॅब मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय कधीही फोडू नये. आतल्या सळ्या कापल्या गेल्या तर घर धोक्यात येते.

थोड्या पैशांतही उजेड मिळतो. २००२ साली ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २ लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडे ब्लीच भरून ती छपरात बसवली. बाटलीचा काही भाग बाहेर, बाकीचा आत. पाण्यामुळे सूर्यप्रकाश खोलीभर पसरतो. भर उन्हात ही बाटली ४० ते ६० वॉटच्या दिव्याएवढा उजेड देते. पुढे ही युक्ती फिलिपाइन्समध्ये आणि इतर अनेक देशांत गेली.

मित्रांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पारदर्शक पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. त्यावर पाय देऊन माणसे खाली कोसळतात आणि जीव गमावतात. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कापू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ही कामे जाणकाराकडूनच करून घ्यावीत.

मामूंनी काम संपल्यावर छपरावर पुन्हा पाणी ओतले. आधी खालच्या जोडावर, मग बाजूंना, शेवटी वर. असे केल्याने कोणता जोड गळतो ते नेमके कळते. एकही थेंब पडला नाही. त्या खोलीत बसून बहिणीने भिजलेल्या वह्या पुन्हा उतरवून काढल्या. कंदिलाची गरज पडली ती फक्त रात्री.

या रविवारी तुम्ही आपल्या घराचे छप्पर पाहा, पण खालूनच. उजेड कोठून येतो, पाणी कोणत्या वाटेने जाते आणि भिंतीवर ओल कोठे दिसते, ते वहीत लिहा. पावसाळ्यापूर्वी ते घरच्यांना वाचून दाखवा.