मधुमेह आणि डोळ्यांतील रंगपेशी

आमच्या मुदखेड जंक्शनावरून आदिलाबादकडे जाणारा फांटा फुटतो. तेथें उभें राहून तांबडे, पिवळे व हिरवे सिग्नल पाहणें हा गांवांतील मुलांचा आवडता छंद, आम्हीही त्यांतलेच. गाडी हांकणारास हे रंग अचूक ओळखतां आले पाहिजेत; म्हणून जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलेले रंगीत ठिपक्यांचे तक्ते रेल्वेच्या नेत्रपरीक्षेंत वापरतात. त्या परीक्षेंत उतरलेला डोळा निर्दोष, असा समज सहज होतो. मधुमेहाच्या बाबतींत मात्र तो फसवा आहे.

डोळ्याच्या आंत मागील बाजूस दृष्टिपटल नांवाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पडदा आहे. त्यांतील सुमारें बारा कोटी दंडपेशी अंधुक उजेडांत उपयोगी पडतात. रंग ओळखण्याचें काम सुमारें साठ लक्ष शंकुपेशींचें. या तीन जातींच्या असून निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्यांत शेंकडा दहांहूनही कमी आहेत.

दृष्टिपटलास प्राणवायु फार लागतो. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली कीं तेथील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांवर सूक्ष्म फुगे येतात, द्रव झिरपतो, कांहीं वाहिन्या बंदच पडतात. पुढें नव्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यांत रक्त उतरतें. हें सारें नेत्रवैद्यास दिसण्यापूर्वींच कित्येक रोग्यांचें निळ्या-पिवळ्या रंगांचें ज्ञान मंदावूं लागतें. गडद निळा दोरा काळा भासतो, फिकट पिवळें वस्त्र पांढऱ्यांत मिसळून जातें. इशिहारांचे तक्ते मुळांत तांबड्या-हिरव्या रंगांधत्वासाठीं केलेले; हा दोष त्यांस सांपडत नाहीं. (मोतीबिंदूनेंही निळा रंग मंद दिसतो, तेव्हां दोऱ्यांची रिळें पुढें मांडून घरींच निदान करूं नये.)

“अक्षर स्वच्छ दिसतें, डोळा दुखत नाहीं, मग डॉक्टर कशाला?” असें आमच्यापैकीं पुष्कळांचे आजोबा विचारतात. पण हा रोग आरंभीं दुखतच नाहीं, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहींत. वेळेवर गेल्यास लेझर किरणांनीं किंवा डोळ्यांत दिलेल्या इंजेक्शनांनीं उरलेली दृष्टि बहुधा राखतां येते. यासाठीं मधुमेह्यानें वर्षांतून एकदां तरी बाहुली औषधानें मोठी करवून दृष्टिपटल तपासून घ्यावें. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच नांदेडास आहे. थेंब घातल्यावर कांहीं तास जवळचें अंधुक दिसतें व ऊन सोसत नाहीं; परततांना गाडींत चढावयास आजोबांस नातवाचा हात लागेल.