रक्तगट ओळखपत्रावर हवा, ताटात नको

प्रत्येक छात्राच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो. अपघातात रक्त द्यावे लागले, तर ही नोंद कामी येते. शाळेचा वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना मला मात्र या नोंदीचा वेगळाच उपयोग ऐकू येऊ लागला आहे. "सर, मी बी पॉझिटिव्ह आहे, म्हणून चिकन, मसूर आणि शेंगदाणे बंद केले," असे छात्र सांगतात. "आमचा मुलगा ओ गटाचा, त्याला पोळी आणि दूध चालेल का?" असे पालक विचारतात. वारंवार येणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

ही कल्पना आली कुठून?

रक्तगटांचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाचा आहाराशी काही संबंध नव्हता. रक्तगटानुसार आहाराची कल्पना पसरली ती अमेरिकेतील निसर्गोपचारतज्ज्ञ पीटर डी'अ‍ॅडमो यांच्या 1996 च्या पुस्तकामुळे. त्यांच्या मते ओ गट शिकाऱ्यांचा, म्हणून मांस खावे. ए गट शेतकऱ्यांचा, म्हणून शाकाहार करावा. बी गट पशुपालकांचा, म्हणून दूध चालते. प्रत्यक्षात ए आणि बी हे गट वानरकुळातही आढळतात. म्हणजे ते शेतीच्या आणि पशुपालनाच्या कितीतरी आधीचे आहेत.

धान्य-कडधान्यांतील लेक्टिनमुळे रक्तपेशी चिकटतात, हे खरे का?

परीक्षानळीत काही लेक्टिन तसे करतात. कच्च्या राजम्यातील लेक्टिनने उलट्या-जुलाब होतात, पण ते कोणत्याही रक्तगटाच्या माणसाला होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळून शिजवला की हा धोका राहत नाही. मेसमध्ये राजमा भिजत घालतात तो याचसाठी.

याची शास्त्रीय तपासणी झाली आहे का?

झाली आहे. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1,455 जणांचा अभ्यास करून 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ए गटासाठी सांगितलेल्या, भाज्या-फळे अधिक असलेल्या आहाराशी मिळताजुळता आहार घेणाऱ्यांचे वजन आणि रक्तदाब तुलनेने चांगले होते. पण त्यांचा रक्तगट कोणताही असला, तरी चित्र तेच होते. एखाद्या ओळखीच्या माणसाला या आहाराने बरे वाटले असेल, तर त्याने तळलेले, गोड आणि पाकिटातले खाणे कमी केले हे त्याचे कारण असू शकते. श्रेय मात्र रक्तगटाला मिळते.

मग रक्तगटाचा आरोग्याशी संबंधच नाही का?

आहे. ओ गटाच्या व्यक्तींना पटकी झाल्यास ती अधिक तीव्र होऊ शकते; गंभीर मलेरियापासून मात्र त्यांना काहीसे संरक्षण मिळते. रक्त देताना तर रक्तगट हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट नेहमीच्या चाचणीत ओ सारखाच दिसतो. पण त्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिले, तर जीव धोक्यात येतो. म्हणूनच ओळखपत्रावर गट लिहिलेला असला, तरी रक्त देण्यापूर्वी जुळणीची चाचणी केली जाते. यांपैकी कशावरूनही पोळी खावी की भात, हे ठरत नाही.

एखादा पदार्थ खरोखरच सोसत नसेल तर?

तर तो सहन करत बसू नका आणि मनाने बंदही करू नका, तपासणीला या. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गव्हामुळे होणारा सिलिअ‍ॅक विकार, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी या खऱ्या तक्रारी आहेत. त्यांचे निदान वेगळ्या पद्धतीने होते, रक्तगटावरून नव्हे. शेंगदाण्याने ओठ सुजत असतील किंवा श्वास लागत असेल, तर हे हाउसमास्तर, मेस आणि माझ्यापर्यंत लगेच पोहोचले पाहिजे.

बी गटाच्या यादीमुळे काय बिघडते?

त्या यादीत गहू, मका, मसूर, चिकन, टोमॅटो, शेंगदाणे आणि तीळ वर्ज्य आहेत. पहाटेची पीटी, वर्ग, संध्याकाळचे खेळ आणि वाढीचे वय. अशा मुलाच्या ताटातून एवढे काढले, तर उरते काय? भारतात बी गट मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणजे अर्धी तुकडी उपाशी राहायची! त्यापेक्षा वरण, उसळ, अंडी, दूध यांपैकी जे चालते ते रोज घ्या. पालेभाजी आणि कडधान्यावर लिंबू पिळा. त्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. तो लोह शोषू देत नाही.

पालकांना एकच विनंती. सख्ख्या भावंडांचे रक्तगट अनेकदा वेगळे असतात, तरी घरात वरण एकाच पातेल्यात शिजते. सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाच्या हातात वर्ज्य पदार्थांची यादी देऊ नका. काही शंका असेल, तर आधी आम्हाला विचारा.