निळ्या लोकरीची स्कॉटिश टोपी

स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील शेतकरी, मेंढपाळ आणि कारागीर सोळाव्या शतकापासून जी निळी, चपटी, गोल टोपी घालीत आले, ती मुळात शिवलेली नव्हेच. ती सुयांवर विणलेली असे, आणि ही गोष्ट कात्री हाती घेण्यापूर्वी ध्यानी धरली म्हणजे घरच्या शिवणकामातील निम्म्या अडचणींचा उलगडा आपोआप होतो. एअरशायर परगण्यातील किल्मार्नॉक आणि स्ट्यूअर्टन ही या धंद्याची विख्यात ठाणी, आणि डंडी शहराच्या नऊ मान्यताप्राप्त व्यवसायसंघांत टोपीकारांचाही एक संघ होता. टोपी ते हेतुपुरस्सर ऐसपैस विणीत, मग ओली करून इतकी तुडवीत की लोकरीचे तंतू परस्परांत गुंतून ती आकसे आणि घट्ट होई. पुढे लाकडी चकतीवर ताणून ती वाळवीत आणि काटेरी बोंडांनी तिच्यावर लव उठवीत. रंगासाठी प्रथम वोड नामक युरोपीय वनस्पती वापरीत. कालांतराने तिची जागा निळीने घेतली, आणि हिंदुस्थानातील नीळही त्या व्यापारात होती.

पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांनी, म्हणजे जॅकोबाइटांनी, केलेल्या बंडानंतर, १७४६ च्या कायद्याने, डोंगराळ मुलुखाच्या पुरुषी पेहरावावर बंदी आली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. मात्र त्यातील निषिद्ध वस्त्रांच्या यादीत या टोपीचा उल्लेख नव्हता. रॉबर्ट बर्न्सने १७९० साली लिहिलेल्या काव्यातील नायकाचे ‘टॅम ओ’ शँटर’ हे नाव पुढे तिच्या घेरदार प्रकाराला मिळाले, आणि घरी शिवण्यास तोच सर्वांत सोयीचा.

आकसण्याचे जे काम पूर्वी पाणी आणि पाय करीत, ते आता कापडाच्या निवडीने आणि मापाने साधावयाचे असते. कोटाचे जाड, दाट लोकरी कापड घ्यावे. चौकड्यांच्या मोहाने कृत्रिम धाग्याचे कापड पसंत करणे मला सर्वथा गैर वाटते, कारण त्याला वाफेने लोकरीसारखे वळण लागत नाही. बेतण्यापूर्वी ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवून कापड आटवून घ्यावे. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर ३० सेंटीमीटर व्यासाची दोन वर्तुळे कापून त्यांपैकी एकाच्या मध्यभागी केवळ १६ सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडावे. हा आकडा नवख्याला अपुरा भासतो आणि तो भोक मोठे करतो. परंतु शिवण कडेपासून १ सेंटीमीटर आत येत असल्याने तिच्या रेषेचा व्यास १८ आणि परीघ सुमारे साडेछप्पन्न सेंटीमीटर भरतो, एवढा सैलपणा पुरेसा होय.

सुलट बाजू समोरासमोर ठेवून बाहेरच्या कडा प्रथम कच्च्या टाक्याने व नंतर मशीनवर जोडाव्यात, आणि शिल्लक कडेला बोटाबोटाच्या अंतरावर त्रिकोणी खाचा द्याव्यात. हा कंटाळवाणा भाग चुकवला तर उलटवल्यावर गोलाईवर कोपरे दिसतात. याच मापाचे सुती अस्तर शिवून आत बसवावे. पट्टीसाठी साडेअठ्ठावन्न सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद तुकडा घेऊन त्याची टोके जोडावीत. भोकाच्या काठाला बारीक काप देऊन पट्टीची एक कड तेथे शिवावी, दुसरी आत दुमडून हाताने तुरपावी. शेवटी कडेवर ओले फडके ठेवून वाफ द्यावी आणि टोपी गार होईतो वजनाखाली दाबून ठेवावी.

माथ्यावरचा लाल गोंडा पुठ्ठ्याच्या दोन कड्यांवर लोकर गुंडाळून, कापून आणि मधोमध घट्ट बांधून होतो. मागे लोंबणाऱ्या काळ्या फिती आज शोभेच्या असल्या, तरी पूर्वी पट्टी आवळण्याच्या फितीचीच ती टोके होत. म्हणून त्या बरोबर मध्यावरच शिवाव्यात. गरुडाची पिसे मात्र लावू नयेत. कुलप्रमुखाला तीन, शाखाप्रमुखाला दोन अशी त्यांची रीत स्कॉटलंडमध्ये आजही पाळतात. डाव्या बाजूला साध्या फितीचे फूल खोवावे. पांढरे लावले तर ती जॅकोबाइटांची खूण होते, काळे कोणालाही चालते.