अनोळखी जुनी वस्तू आणि प्राथमिक शिक्षक

काही वर्षांपूर्वी शाळा-भेटीच्या वेळी एका शाळेच्या फडताळातील एक लहानसे, झाकणाचे तांब्याचे पात्र मला दाखविण्यात आले. नांगरताना सापडलेले ते पात्र एका विद्यार्थ्याने शाळेत आणून दिले होते. गुरुजींनी हौसेने ते चिंचेने घासून लख्ख केले होते व आतील माती फेकून दिली होती. ते कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडले, हे मात्र कोणासच सांगता येईना. ते कुंकवाचे, औषधाचे, की अस्थी ठेवण्याचे, याचा निर्णय आता होणे कठीण.

अनोळखी वस्तूचा उपयोग केवळ तिच्या आकारावरून क्वचितच ओळखता येतो. तो ओळखता येतो तिची जागा व तिच्या सोबतच्या वस्तू यांवरून. याचे उत्तम उदाहरण आपल्या वसई तालुक्यातच आहे.

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीपासून जवळच नालासोपारा आहे. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील एका टेकाडास लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. इ. स. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड मध्यभागापर्यंत खणविले. आत वर्तुळाकार दगडी पेटी निघाली. पेटीत मधोमध तांब्याचा करंडा होता व त्याभोवती आठ लहान बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा होता. सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुले व मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते.

हेच तुकडे उकिरड्यावर सापडले असते, तर त्यांस कोणी हातही लावला नसता. परंतु सोने, स्फटिक व चांदी यांच्या आत मातीचे खापर कोणी का जपून ठेवील? त्या खापराचे मोल मातीचे नसून, ते ज्याच्या हातचे त्या थोर पुरुषाचे असले पाहिजे. टेकाड हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे मूर्तींवरून व रचनेवरून स्पष्ट झाले. त्यावरून ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून ठेवलेले असावेत, असा पंडितजींनी निष्कर्ष काढला.

येथे आणखी एक बोध घेण्याजोगा आहे. त्याच संचात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. ते दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. म्हणजे स्तूप मागाहून उघडून मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात. सर्व वस्तू जागच्या जागी होत्या व त्यांची नोंद झाली, म्हणूनच हा विचार करता येतो.

आज या भागात जुन्या शेतांच्या व वाड्यांच्या जागी मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. पाये खणताना वर आलेली माती एका दिवसात गाडीतून निघून जाते. अशा वेळी डोळस विद्यार्थी हाच पहिला साक्षीदार ठरतो. तरी शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

(१) वस्तू घासू नये, धुऊ नये. आतील माती तशीच राहू द्यावी.

(२) सापडल्याची जागा, खोली, दिनांक व शेजारच्या वस्तू त्याच दिवशी वहीत लिहाव्यात. विद्यार्थ्याकडून जागेचा नकाशा काढून घ्यावा.

(३) वस्तू अद्याप जमिनीत असल्यास उकरू नये. छायाचित्र घेऊन तहसील कार्यालयास कळवावे.

(४) भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे, हे पालकांसही समजावून सांगावे.

वस्तू कशाची आहे हे गुरुजींना सांगता आले नाही, तर त्यात कमीपणा नाही. ती कोठे व कशी सापडली, हे मात्र त्यांच्या वहीत असलेच पाहिजे. उत्तर पुढे कोणी तरी जाणकार देईल. त्याच्यासाठी प्रश्न शाबूत ठेवणे हे आपले काम आहे.