‘नियमच आहे’ म्हणतात, पण कोणता?

हळदीच्या पट्टीतून एखादी रक्कम कमी झाली, हॉटेलच्या बिलात एक ओळ वाढली किंवा केबलवाल्याने महिन्याचे पैसे वाढवले, की उत्तर ठरलेले: ‘आम्ही काय करणार, नियमच आहे.’ बहुतेक जण तिथेच गप्प बसतात. नियम खरोखर आहे का, असलाच तर तो कुणासाठी आहे, एवढे विचारायचाही आपल्याला संकोच वाटतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एकाच घरात कुणी शेतमाल विकतो, कुणी मोंढ्यात पोती उचलतो आणि बाजारहाट तर सगळेच करतात. या प्रत्येक ठिकाणी सरकारी धोरणाचा संबंध येतो आणि प्रत्येक ठिकाणी अर्धवट ऐकलेल्या गोष्टीच जास्त फिरतात. सुरुवात अर्थात हळदीपासून करू.

‘हळदीला हमीभाव आहे, व्यापारी देत नाहीत’

नाही. केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते: १४ खरिपाची, ६ रब्बीची, शिवाय ताग आणि खोबरे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा या यादीत आहेत. हळद नाही. म्हणून हळदीचे बीट कितीही खाली गेले तरी ‘हमीभावापेक्षा कमी’ अशी तक्रार करायला आधारच नाही. हा व्यापाऱ्याचा दोष नव्हे, धोरणातली मोकळी जागा आहे. भांडायचे तर तिथे भांडायला हवे.

यात आणखी दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे राष्ट्रीय हळद मंडळ. केंद्राने त्याची अधिसूचना ऑक्टोबर २०२३ मध्ये काढली आणि १४ जानेवारी २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मुख्यालय तेलंगणातल्या निजामाबादला. मंडळ आले म्हणजे सरकार हळद विकत घेणार, असे गावोगाव बोलले गेले. पण मंडळाचे काम संशोधन, गुणवत्ता, प्रक्रिया आणि निर्यात वाढवणे हे आहे. काटा लावून पोती मोजून घेणे हे नव्हे. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे १ लाख ६२ हजार टन हळद व हळदीचे पदार्थ बाहेर गेले. २०३० पर्यंत ही निर्यात १ अब्ज डॉलरवर न्यायची, असे उद्दिष्ट सरकारने सांगितले आहे. त्यातला किती पैसा कळमनुरी-औंढ्याच्या शेतकऱ्यापर्यंत झिरपतो, हे मंडळाच्या नावावरून ठरणार नाही. राज्याचे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतला आहे. तेही नावाप्रमाणे संशोधन आणि प्रशिक्षणासाठीच.

दुसरी गोष्ट भौगोलिक मानांकनाची. वायगावच्या हळदीला ते २०१६ साली मिळाले, सांगलीच्या हळदीला २०१८ साली, वसमतच्या हळदीला २०२४ साली. मानांकन म्हणजे भावाची हमी नव्हे, नावाचे संरक्षण. बाहेरची हळद ‘वसमत हळद’ म्हणून विकता येणार नाही, एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ. ते नाव आपल्या मालावर लावायचे तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नोंदणी न करता मोंढ्यात सुटी हळद ओतली, तर मानांकन असून नसल्यासारखेच.

‘हळद विकली की जीएसटी कापला जाणारच’

ओल्या हळदीवर जीएसटी नाही. वाळलेल्या हळदीवर ५ टक्के आहे. इथपर्यंत बरोबर. चूक होते ती पुढे. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम २३ नुसार नोंदणीच लागत नाही. हा कर खरेदी करणाऱ्याच्या बाजूचा आहे. तो मालाच्या किमतीवर चढतो, किमतीतून उतरत नाही.

आकड्यात बघू. समजा २० क्विंटल हळद १२,००० रुपये दराने गेली. रक्कम झाली २,४०,०००. यातून कुणी ‘जीएसटी’ म्हणून ५ टक्के वळते केले तर १२,००० रुपये गेले, म्हणजे अख्खी एक क्विंटल हळद. शिजवली, वाळवली, ढोलात पॉलिश केली आणि करात सोडून दिली! पट्टीवर अशी ओळ दिसली तर ती कोणत्या आधाराने लावली हे लेखी मागावे. ओळ बहुतेक वेळा तिथल्या तिथे खोडली जाते.

बाजार शुल्काचेही तसेच. राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा आहे आणि त्याच्या कलम ३१ प्रमाणे बाजार समिती हे शुल्क खरेदीदाराकडून वसूल करते. फळे आणि भाजीपाल्याच्या बाबतीत तर २०१६ मध्ये राज्य सरकारने अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. त्या वेळी राज्यभर बाजार बंद ठेवले गेले होते, ते अनेकांना आठवत असेल. मात्र ‘अडत सगळ्याच मालावरची गेली’ हा त्यातून पसरलेला उलटा गैरसमज. धान्य, हळद यांची पट्टी घेताना त्या बाजार समितीच्या उपविधीत कोणती कपात आणि किती दराने मंजूर आहे, ते बघावे लागते. उपविधी समितीच्या कार्यालयात असतात आणि ते बघायला मिळणे हा उपकार नाही.

‘रोख हवी तर टक्का सोडा, बँकच कापते’

हे वाक्य नोटाबंदीनंतर जास्त ऐकू येऊ लागले. बँकेतून वर्षाला १ कोटीपेक्षा जास्त रोख काढली तर २ टक्के टीडीएस, अशी तरतूद २०१९ मध्ये आली, हे खरे. त्यावरून ‘आम्हाला बसतो तो तुमच्याकडून घेतो’ असा हिशोब सुरू झाला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढून, शेतकऱ्याला शेतमालाचे पैसे देण्यासाठी रोख काढणाऱ्या बाजार समितीतल्या व्यापारी-अडत्यांना त्यातून सूट दिली. कारण सांगितले जाते, सूट सांगितली जात नाही.

‘खाद्यतेलावर आयात शुल्क वाढले, आता सोयाबीन उसळणार’

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केले. सेनगाव-हिंगोलीच्या काळ्या रानात सोयाबीन काढणीला आले होते. लोकांनी माल थांबवला, घरात भरून ठेवला. भाव मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच घुटमळत राहिला. ‘व्यापाऱ्यांनी संगनमत केले’ हा निष्कर्ष मग तयारच होता.

खरे कारण सोयाबीनच्या दाण्यात आहे. एका क्विंटलमधून तेल निघते साधारण १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. शुल्क वाढल्याने महागले ते १८ किलो. उरलेल्या ८० किलोंचा भाव कोंबडीखाद्यवाले आणि परदेशी गिऱ्हाईक ठरवतात. तिथे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेची स्वस्त पेंड स्पर्धेला असते. शिवाय इथेनॉलसाठी मका-तांदूळ वापरल्यावर जो चोथा उरतो, तो पशुखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला आहे. म्हणजे सरकार एका हाताने तेलाला आधार देत होते, तर दुसऱ्या धोरणाने पेंडीचे गिऱ्हाईक कमी होत होते. पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले, कारण शहरात तेल महागले होते. शुल्काच्या बातमीवर माल थांबवायचा की विकायचा हे ठरवणाऱ्याने तेलाबरोबर पेंडीचाही भाव विचारायला हवा.

हमीभाव जाहीर होणे आणि तो हातात पडणे यातही अंतर आहे. तो मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर, ऑनलाइन नोंदणी करून, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली होती; ती कायमची सवलत नव्हती. २०२५-२६ साठी दर ५,३२८ रुपये झाला. केंद्रावर जाण्याआधी माल वाळवून, ओलावा मोजून नेला तर हेलपाटा वाचतो.

वायदेबाजाराबद्दलही एक चुकीची समजूत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने ७ शेतमालांचे वायदे थांबवले. त्यात सोयाबीन होते, हळद नव्हती. ‘वायदे बंद आहेत म्हणून हळद पडली’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

‘हमाल सुटा माणूस, त्याला कसले हक्क?’

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात पोते पाठीवर घेणारा माणूस कुणा एका मालकाचा नोकर नसतो, हे खरे. म्हणूनच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत उभ्या केलेल्या माथाड्यांच्या लढ्याचे ते फळ. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्याच वर्गाला संघटित केले. या कायद्यात मालक आणि कामगार दोघांचीही माथाडी मंडळात नोंद होते. व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, वैद्यकीय मदत चालते. लेव्ही मजुरीतून कापायची नसते, मजुरीवर भरायची असते. नोंदणी नसेल तर यातले काहीच मिळत नाही, म्हणून हमालाचा पहिला प्रश्न ‘माझी नोंद कुठल्या मंडळात आहे?’ हा असला पाहिजे.

‘काम निघाले तर रोजगार हमी’

गावात काम निघण्याची वाट बघणे ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट: वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातली योजना, १९७७ चा कायदा. तिचे सूत्र नेमके उलटे आहे. आधी मजुराने मागणी करायची, मग शासनाने काम काढायचे. केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही तेच आले: तारखेची पोच घ्यायची, १५ दिवसांत काम नाही मिळाले तर बेकारभत्ता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत, पण ऐन शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. १५ दिवसांची अट मात्र कायम आहे. तोंडी मागणीला पोच नसते, आणि पोच नसली की भत्त्याचा दावाही उभा राहत नाही.

दुकान, हॉटेल आणि टीव्ही

यूपीआयने पैसे दिले म्हणून दोन टक्के जादा मागणे चुकीचे आहे. थेट बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला १ जानेवारी २०२० पासून शुल्क लागत नाही, मग तो ते तुमच्याकडून कशाचे घेतो? थंड बाटलीचे ‘कूलिंग’ म्हणून छापील किमतीवर दोन रुपये घेणेही बेकायदा. हॉटेलातला सेवा आकार हा कर नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

टीव्हीचे म्हणाल, तर ‘१३० रुपयांच्या वर घेताच येत नाही’ हे जुने झाले. जुलै २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नेटवर्क शुल्कावरची ती कमाल मर्यादा काढली. त्यामुळे केबलवाल्याशी १३० वर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणत्या वाहिन्यांचे किती, हे वेगळे लिहून मागण्यात आहे. आणि दर महिन्याला पैसे भरावेच लागतात असेही नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नाही. डबा आणि छत्री एकदा घ्यायची. खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या का नसतात, असाही प्रश्न येतो. त्यांना तशी परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढेच.

तक्रार करायला वकील लागतो, ही शेवटची भीती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि आपली बाजू स्वतः मांडता येते. मात्र दोन्हीकडे पहिली गोष्ट मागतात ती पावती, म्हणून पट्टी असो, बिल असो की मागणीअर्जाची पोच, कागद हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.