घरखर्चाची वही आणि महागाईचा आकडा

घरात जुनी जमाखर्चाची वही असेल तर काढून बघा. बहुतेक पानं धान्य, तेल, साखर यांनीच भरलेली दिसतील. आता शेजारी गेल्या महिन्याचा खर्च मांडा.

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून एक नियम मांडला. उत्पन्न वाढतं तसा खाण्यावरचा खर्च वाढतो, पण एकूण खर्चातला त्याचा वाटा घटतो.

आपल्याकडे तेच झालं. राष्ट्रीय नमुना पाहणीत, ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांतले १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ रुपये खाण्यावर जात होते, २०२२-२३ मध्ये ४६. त्यातलं धान्य २२ रुपयांवरून ५ वर आलं. मग लोक भाकरी कमी खाऊ लागले का? थोडी, पण एवढी नाही. रेशन स्वस्त झालं, पुढे मोफत मिळू लागलं. आणि फळं, अंडी-मासळी, तयार खाद्यपदार्थ, प्रवास यांचा वाटा वाढला.

याचा आपल्याशी संबंध काय? महागाई मोजताना कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा, हे अशा पाहणीवरूनच ठरतं. २०१७-१८ च्या पाहणीचे निकाल जाहीर झाले नाहीत. त्यामुळे २०११-१२ च्या खर्चावर बेतलेला ग्राहक किंमत निर्देशांक दशकाहून जास्त काळ चालला. त्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. साहजिकच कांदा-टोमॅटो भडकले की आकडा उसळायचा, प्रवास महागला तर तेवढा हलायचा नाही. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना हाच आकडा बघते. म्हणजे वही जुनी राहिली, तर तुमच्या घरकर्जाचा हप्ताही जुन्या वहीवरूनच ठरतो.